तेलाचा हात कुठे फिरावा, कुठे थांबावा

मालिशवाल्या मावशींनी पहिल्या दिवशी तेलाची वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, “सिझर झालंय का नॉर्मल?” आई आणि सासूबाई, दोघींनाही मालिश आजच सुरू व्हायला हवी होती. मावशी मात्र उत्तर मिळाल्याशिवाय अंगाला हात लावायला तयार नव्हत्या. सिझर आहे म्हटल्यावर म्हणाल्या, “मग पोटाला मी हात लावत नाही. पाठ, खांदे, डोकं करते. आधी पाय दाखव बघू.”

त्यांनी पाय का पाहिले, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारत गेले, वाचत गेले, तेव्हा उमगलं की घ्यायची निम्मी काळजी मावशींनी त्या दोन वाक्यांत घेतली होती. प्रत्येक घरी अशा मावशी येतीलच असं नाही. कुठे पोट जोरात रगडलं जातं, कुठे सुजलेली पोटरी दाबून काढली जाते, आणि बाळंतीण बिचारी दात-ओठ खाऊन सोसते, कारण “सोसलं तर अंग भरून येतं” असं तिला सांगितलेलं असतं. मालिश बंद करा असं मला अजिबात म्हणायचं नाही. बाळंतपणानंतर अंगावरून फिरणारा तेलाचा ऊन हात किती सुखाचा असतो हे मी अनुभवलं आहे. पण त्या हाताने नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

चोळल्याने बरं का वाटतं

उंबऱ्याला ठेच लागली की आपण न कळत अंगठा चोळू लागतो, आणि दुखणं थोडं कमी होतं. स्पर्शाचा आणि वेदनेचा निरोप वेगवेगळ्या नसांवरून पाठीच्या कण्याकडे जातो. तिथे जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे निरोप भराभर येऊ लागले की वेदनेच्या निरोपांना वाट अरुंद होते. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये ही कल्पना मांडली. पुढे तिच्यात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण मूळ विचार आजही वेदनेच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. शिवाय ऊबदार, संथ हाताने आखडलेले स्नायू सैल पडतात, श्वास लांब होतो, झोप लागते. रात्रभर दर दोन-तीन तासांनी उठणाऱ्या बाईला मिळालेली अर्ध्या तासाची गाढ झोप ही लहान गोष्ट नाही.

मालिशने न होणाऱ्या गोष्टीही स्पष्ट सांगायला हव्यात. तेल हाडांत मुरत नाही. चोळल्याने पोटाची चरबी वितळत नाही. गर्भपिशवी “जागेवर बसवावी” लागत नाही, ती आपली आपण बसते. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

पोटात बाळ असताना

गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. संप्रेरकांमुळे सांधे आणि कमरेचे बंध सैल पडतात, पोटाचा भार पुढे येतो आणि तो तोलायला कंबर मागे वाकते. म्हणून कंबर, माकडहाडाची आजूबाजू आणि नितंब दुखतात. इथे हलक्या ते मध्यम दाबाने मालिश केली तर खरोखर आराम पडतो. दाब मात्र कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर हवा, कण्याच्या हाडावर नको. आणि सांधे आधीच सैल असतात, म्हणून पाय किंवा कंबर पिळून “कटकन” आवाज काढायचा प्रकार तर नकोच.

झोपवायचं कसं, हे महत्त्वाचं. साधारण पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपलं की गर्भपिशवीचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, बाईला गरगरतं, घाम फुटतो. पालथं झोपणं तर शक्यच नसतं. म्हणून कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपवावं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी आणि पोटाखाली दुमडलेली चादर द्यावी. खुर्चीत उलटं बसून, खुर्चीच्या पाठीला छाती टेकवून घेतलेली मालिशही सोयीची पडते.

पहिल्या तीन महिन्यांत मालिशला हातच लावू नये असं बऱ्याच घरांत मानतात. हलक्या मालिशने गर्भपात होतो असा पुरावा नाही. सुरुवातीचे बरेचसे गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गर्भ राहिला नाही की “कुणी पाठ चोळली होती का” असे प्रश्न त्या बाईलाच विचारले जातात आणि ती आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते. मात्र त्या काळात तेलाच्या वासानेही मळमळतं. तिला नको असेल तर नको.

पोटावर तेल लावायचं तर तळव्याने, वरवर, मोरपीस अंगावरून फिरवावं तितकं हलकं. ताण बसून खाजणाऱ्या कातडीला बरं वाटतं. पोट ताणल्याने पडणारे डाग मात्र तेलाने टळत नाहीत, कारण ते कातडीच्या आतल्या थरातले असतात आणि त्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. पोट दाबून बाळ “फिरवण्याचा” प्रयत्न घरी कुणीही करू नये, मग करणारीचा अनुभव चाळीस वर्षांचा असला तरी. बाळ पायाळू असेल तर 36-37 आठवड्यांच्या सुमारास काही रुग्णालयांत डॉक्टर बाहेरून हाताने ते फिरवून पाहतात. पण आधी सोनोग्राफी होते, बाळाचे ठोके सतत पाहिले जातात आणि गरज पडलीच तर लगेच शस्त्रक्रिया करता येईल अशी तयारी असते. घरी दाबताना वार, म्हणजे बाळाला पोसणारा गर्भपिशवीतला अवयव, सुटून आली तर आतल्या आत रक्तस्राव होतो आणि आई-बाळ दोघंही धोक्यात येतात.

शेवटच्या महिन्यांत पाय सुजतात. संध्याकाळी दोन्ही पाय सारखे सुजले आणि रात्री पाय वर घेऊन झोपल्यावर उतरले, तर ते नेहमीचं. सूज चेहऱ्यावर आणि हातांवर चढली, अंगठी अचानक घट्ट झाली, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगड्यांखाली उजवीकडे दुखू लागलं, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि आधी रक्तदाब मोजा. 140/90 किंवा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी दवाखाना. ही सूज चोळून उतरवायची नसते.

एक मालिश मात्र अशी आहे जिच्याबद्दल आपल्याकडे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. 34-35 आठवड्यांपासून आठवड्यातून एक-दोनदा योनीमार्गाच्या तोंडाशी, खालच्या बाजूने, स्वच्छ हाताने आणि साध्या तेलाने हळूहळू ताण देत केलेली मालिश. पहिल्या खेपेच्या बायकांमध्ये यामुळे टाके पडण्याइतकी इजा होण्याचं प्रमाण कमी होतं असं अभ्यासांत दिसलं आहे. ही बाईने स्वतः किंवा नवऱ्याने करायची असते, आधी डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून नीट समजून घेऊन. अंगावरून जात असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा वार खाली असेल तर करायची नाही.

कळांच्या वेळी कंबर चोळणं हा उपाय तर आपल्या आज्ज्या-पणज्यांनाही ठाऊक होता. कळ आली की सोबतिणीने तळहाताच्या टाचेने माकडहाडावर घट्ट दाब धरायचा, कळ ओसरली की सोडायचा. त्याने दुखणं नाहीसं होत नाही, पण सोसण्याजोगं होतं. सरकारी रुग्णालयांतही बाळंतपणाच्या वेळी सोबतीला बाईमाणूस ठेवायला केंद्र सरकारने 2016 मध्ये मान्यता दिली आहे. ते माहीत असावं आणि हक्काने मागावं.

बाळंत झाल्यावर: पोट

सगळ्यात जास्त गैरसमज पोटाभोवती आहेत. “पोटात वारा शिरतो, म्हणून पोट रगडून घट्ट बांधायचं.” ही समजूत फार जुनी आहे. चरकसंहितेत बाळंतिणीच्या पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने गुंडाळायला सांगितलं आहे, म्हणजे रिकाम्या जागेत वायू बिघाड करणार नाही. सुश्रुतसंहितेत बाळंतिणीला बलातेलाची, म्हणजे बला या वनस्पतीच्या तेलाची, मालिश सांगितली आहे. म्हणजे आपल्या आजीने जुनं लुगडं फाडून पोटाला बांधलं ते उगाच नव्हतं, त्यामागे एक परंपरा होती. पण पोटात खरोखर काय घडत असतं ते आज आपल्याला दिसतं.

बाळ आणि वार बाहेर पडल्यावर गर्भपिशवीचं वजन जवळजवळ एक किलो असतं आणि तिचं टोक बेंबीपाशी लागतं. मग ती रोज साधारण एका बोटाने खाली उतरते. दहा-बारा दिवसांत ओटीपोटाच्या हाडामागे जाते, तेव्हा वरून हाताला लागेनाशी होते. सहा आठवड्यांत जवळजवळ पूर्वीच्या आकाराला येते. हे काम तिचे स्वतःचे स्नायू करतात. बाळ पाजताना ऑक्सिटोसिन हे संप्रेरक पाझरतं, त्याने पिशवी आवळते. दूध पाजताना ओटीपोटात कळ येते ती हीच. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती जास्त जाणवते.

बाळंतपणानंतर लगेच नर्स पोट दाबून पाहते, ते पिशवी घट्ट झाली की नाही हे तपासायला. ती मऊ लागली तर चोळून आवळायला लावते, सोबत औषधही असतं. ते पहिल्या काही तासांचं, रुग्णालयातलं काम आहे. ते पाहून घरी आठवडाभराने पोटात बोटं खुपसायची नसतात. अंगावरून जाणं अचानक वाढलं, तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागला, मोठ्या गाठी पडू लागल्या किंवा घाण वास येऊ लागला, तर पोट चोळत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

मग पोट सुटलेलं का दिसतं? गरोदरपणात पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात, त्यांना जोडणारी पट्टी ताणून पातळ होते. काही महिन्यांत ती बरीचशी सावरते. तिला मदत होते ती श्वासाच्या आणि पोटाच्या आतल्या स्नायूंच्या सावकाश व्यायामांनी. पट्ट्याने आधार मिळतो, उठता-बसताना बरं वाटतं, सिझरच्या टाक्यांवरचा ताण कमी होतो. तेवढ्यासाठी सैलसर बांधायला हरकत नाही. पण श्वास अडेल इतका करकचून बांधला तर दाब खाली जातो, आणि तिथले स्नायू आधीच थकलेले असतात. शिंकताना-खोकताना लघवी होणं, अंग खाली आल्यासारखं वाटणं हे त्रास त्याने वाढू शकतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली साधारण चारांतली एक बाळंतपणं सिझरने झाल्याचं दिसलं. गोव्यात तर जवळजवळ 40 टक्के. तरीही मालिशची रीत अजून नॉर्मल बाळंतपणाच्याच हिशोबाने चालते. सिझरमध्ये कातडीखाली अनेक थर कापून पुन्हा शिवलेले असतात. वरची जखम दहा-पंधरा दिवसांत मिटलेली दिसते, पण आतल्या मजबूत आवरणाला ताकद यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून सहा आठवडे आणि डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत पोटावर मालिश नाही, टाक्यांवर तेल नाही. पाठ, खांदे, हात, तळपाय हे मात्र काही दिवसांनी, डॉक्टरांना विचारून, कुशीवर झोपवून हलक्या हाताने करता येतं. जखम पूर्ण भरल्यावर व्रणाची वेगळी मालिश असते. तिने आतून चिकटल्यासारखी ओढ कमी होते. ती फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी.

पाय आणि छाती

आता मावशींच्या “पाय दाखव”कडे येते. बाळंतपणात रक्त जास्त वाहू नये म्हणून निसर्ग रक्ताची गोठण्याची शक्ती वाढवून ठेवतो. त्याची दुसरी बाजू अशी की पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे तो सर्वांत जास्त असतो, आणि सिझर झालेल्या, जास्त वजनाच्या, पस्तिशीपुढच्या किंवा दिवस-रात्र बाजेवर पडून राहिलेल्या बाईत आणखी वाढतो. गुठळी झालेला पाय दुसऱ्या पायापेक्षा जाड दिसतो, पोटरी दुखते, गरम लागते, कधी लालसर होते. बहुतेक वेळा हे डाव्या पायाला होतं. अशी पोटरी रगडली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून रोज तेल लावण्याआधी दोन्ही पाय शेजारी ठेवून डोळ्यांनी पाहायचे आणि हाताने ऊब बघायची. फरक दिसला तर मालिश नाही, त्याच दिवशी तपासणी. दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबू नका.

याच कारणाने “सव्वा महिना जमिनीवर पाय ठेवायचा नाही” हे मला पटत नाही. विश्रांती हवीच, कामाला जुंपू नकाच. पण घरातल्या घरात चालायला हवं.

छातीबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचं आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटतं, छाती दगडासारखी होते, गाठ लागते. “गाठ फोडायला” म्हणून कुणीतरी अंगठ्याने दाबून चोळतं आणि बाळंतीण किंचाळते. आजवर हा सल्ला सर्रास दिला जाई. पण गाठ म्हणजे नळीत अडकलेलं दह्यासारखं दूध नसतं, बहुतेक वेळा ती सुजलेल्या ऊतींची असते. जोरात दाबल्याने आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते आणि सूज वाढते. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2022 मध्ये आपल्या सूचना बदलल्या, त्यात खोल मालिश टाळायला स्पष्ट सांगितलं आहे. बाळाला मागेल तसं पाजायचं, पाजून झाल्यावर थंड पाण्याची घडी ठेवायची, आणि हात फिरवायचाच तर कुत्र्याच्या पिल्लाच्या पाठीवरून फिरवावा इतका हलका, काखेच्या दिशेने. थंडी वाजून ताप आला, कातडी लाल झाली आणि दिवसभरात उतार नाही, तर डॉक्टरांना दाखवा. पाजणं मात्र थांबवू नका.

तेल, शेगडी, न्हाणीघर

तेल साधं हवं. खोबरेल किंवा तिळाचं, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं. बऱ्याच घरांत त्यात कापूर घालतात. गरोदर बाईच्या आणि बाळाच्या अंगाला कापराचं तेल नकोच. कापूर कातडीतून आत जातो, आणि लहान बाळाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. आईच्या छातीला लावलेलं तेलही शेवटी बाळाच्याच तोंडात जातं, हे विसरून चालत नाही.

शेकाने बरं वाटतं, पण शेगडीचा प्रकार धोक्याचा आहे. दारं-खिडक्या लावून खोलीत निखारे ठेवले, त्यावर ओवा-बाळंतशेपा टाकून बाजेखाली सरकवले, की कोळशातून विषारी वायू साठत जातो. त्याला वास नसतो. आई आणि बाळ झोपेतच गुदमरू शकतात. शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्या. ओव्याची धुरी कितीही जुनी रीत असली तरी बंद खोलीत नको, आणि बाळाच्या नाकाशी तर कधीच नको.

मालिशनंतरच्या कढत पाण्याच्या आंघोळीत चक्कर येऊ शकते, त्यातून तेलकट पाय आणि गुळगुळीत फरशी. पाण्याआधी तळपाय पुसून घ्या, न्हाणीघरात पाट किंवा स्टूल ठेवा, दाराला आतून कडी लावू नका. मावशींनी बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, नखं कापलेली असावीत, हात साबणाने धुतलेले असावेत. त्यांना सर्दी-ताप असेल त्या दिवशी सुट्टी द्या, आणि पैसे कापू नका, नाहीतर त्या आजारातही येतील.

डोकं दुखतंय म्हणून माथ्यावर तेल थापून झोपवण्याआधी एक गोष्ट करा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब वाढू शकतो, गरोदरपणात तो नीट असला तरी. आधी रक्तदाब मोजा. भूल द्यायला कमरेत सुई दिली असेल आणि बसल्यावर डोकं फुटेल असं दुखून आडवं झाल्यावर थांबत असेल, तर तेही डॉक्टरांना कळवा, त्यावर वेगळा उपाय आहे. नुसती कंबर दुखत असेल तर मात्र त्या सुईला दोष देऊ नका. सुईमुळे कंबर कायमची जाते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. वाकून पाजणं हे बहुतेकदा खरं कारण असतं. मांडीवर उशी घेऊन बाळ वर आणा, खांदे सैल सोडा.

मालिशच्या वेळी बाळंतीण बोलते. मावशींनी काही विचारलेलं नसतं, हात पाठीवर फिरत असतो आणि ती अचानक रडू लागते. पहिल्या आठवड्यात असं होणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल किंवा “मी नसते तर बरं” असं ती म्हणाली, तर तेलाने भागणार नाही. डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.

आणि मालिश चालू असताना बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, आजोबांच्या, नवऱ्याच्या, कुणाच्याही. मला आठवतं, पहिले चार दिवस मी पाठ मावशींकडे आणि कान पाळण्याकडे ठेवून बसले होते. पाचव्या दिवशी नवऱ्याने बाळाला उचलून गच्चीत नेलं. मावशींनी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “आता दाब बरा आहे का, की कमी करू?” मी म्हटलं, “कमी करा.” त्यांनी लगेच केला.